रोमन दिनारवरची चित्रं नक्की बघत कोण होतं?

रिकामटेकडा_पुणेकर

सध्या एक नवं व्यसन लागलंय. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर रोमन चांदीच्या नाण्यांचे फोटो आहेत, ते मोठे करून बघत बसायचं. बायको म्हणते, बघायचीच आहेत तर निदान सोन्याची तरी बघ.

काल एक दिनार बघितला. इ.स.पू. ८९ चा, तितुरियस सबिनस नावाच्या टांकसाळ-अधिकाऱ्याने पाडलेला. मागच्या बाजूला मधोमध एक बाई, कमरेपर्यंत ढालींच्या ढिगात गाडलेली, दोन्ही हात वर. दोन्हीकडे एकेक सैनिक, हातातली ढाल तिच्या अंगावर टाकायच्या बेतात. वर चांदणी आणि चंद्रकोर. ही रोमन दंतकथेतली तार्पेया. शत्रूला गडाचा दरवाजा उघडून दिला आणि बक्षीस म्हणून ‘तुमच्या डाव्या हातात आहे ते द्या’ म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर सोन्याची कडी होती. त्यांच्या डाव्या हातात ढालीही होत्या, त्याच फेकल्या.

एवढं सगळं नाट्य जेमतेम १८-२० मिलिमीटरच्या चकतीवर. मला पटतच नाही की बाजारात मासळी घेणाऱ्या रोमन माणसाने ते कधी डोळे भरून पाहिलं असेल. आपण तरी पाच रुपयांच्या नाण्यामागे काय आहे ते न बघता सांगू शकतो का?

तर माझं ठाम मत: ही सगळी हौस टांकसाळवाल्यांची. बघणारं कोणी नव्हतं. जाणकारांनी खोडून काढावं.

टवाळ_कार्टा

पहिला!

नाण्याला दोनच बाजू, छापा आणि काटा. तेही टॉस हरल्यावर बघतो आपण.

लातीनवेडी

टवाळा, गंमत म्हणजे तुझं म्हणणं धागाकर्त्याच्याच पथ्यावर पडतं. रोमन पोरं दिनार उडवताना ‘डोकं की जहाज’ असं ओरडायची. कारण जुन्या काशाच्या नाण्यांवर एकीकडे जानस देवाचं डोकं आणि दुसरीकडे जहाजाचा नाळेकडचा भाग असे. दिनारवर जहाज क्वचितच, तरी पोरं आपली शतकानुशतकं जहाजच म्हणतायत. मॅक्रोबियस या रोमन लेखकाने हे नोंदवून ठेवलंय.

पण पुणेकर, ‘हौस’ म्हणून हे उडवून लावता येणार नाही. थोडं मागे जाऊ. दिनार सुरू झाला इ.स.पू. २११ च्या सुमारास, हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता तेव्हा. सुरुवातीची चित्रं अगदी ठरलेली. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, तिच्यामागे फुलीसारखा दहाचा आकडा (दहा ‘आस’ म्हणजे एक दिनार), आणि मागे घोडे उधळत निघालेले कॅस्टर-पोलक्स हे जुळे, डोक्यावर दोन तारे. पिढ्यान्‌पिढ्या हेच. मग चंद्रदेवतेचा किंवा विजयादेवीचा दोन घोड्यांचा रथ, ज्युपिटरचा चार घोड्यांचा रथ. सगळं सरकारी.

गडबड सुरू होते ती इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात. टांकसाळीवर दरवर्षी तीन तरुण नेमत. राजकारणातली पहिली पायरी ही. मत मागायला जायचं तर आडनाव लोकांच्या तोंडी हवं. मग कोणी पणजोबांची लढाई काढली, कोणी कुळाची दंतकथा. पोम्पोनियस मूसा नावाच्याने तर आडनावावरून नवाच्या नवा म्यूझ, म्हणजे कलांच्या देवता, काढल्या, एकेका नाण्यावर एकेक. थोरियस बाल्बसने उधळलेला बैल काढला, कारण ‘थोरियस’ आणि ‘तॉरस’ (म्हणजे बैल) कानाला सारखे.

टवाळ_कार्टा

म्हणजे चौकातले फ्लेक्स. ‘भावी क्वेस्टर, युवा हृदयसम्राट थोरियसभाऊ बैलवाले. शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ.’

लातीनवेडी

हसू नकोस, फार लांब नाहीयेस. इ.स.पू. ५८ मध्ये स्कॉरस नावाच्या गृहस्थाने पहिल्यांदा पूर्वजांऐवजी स्वतःचाच पराक्रम नाण्यावर काढला. उत्तर अरबस्तानातला नबातियन राजा अरेतस गुडघे टेकून बसलाय, एका हातात उंटाचा लगाम, दुसऱ्या हाताने ऑलिव्हची फांदी पुढे करतोय. वस्तुस्थिती अशी की स्कॉरसने त्या वाळवंटात मार खायची वेळ आणली होती, सैन्याची उपासमार चालू होती, आणि शेवटी अरेतसने ३०० टॅलंट चांदी देऊन त्याला वाटेला लावलं. इतिहासकार जोसेफसने सगळं लिहून ठेवलंय. उंट मात्र फार सुरेख काढलाय, ते मान्य.

मोगरा_आणि_मिरच्या

दंडवत ताई. वाचनखूण साठवली.

सराफाचा_नातू

धागाकर्त्याशी सहमत, पण कारण वेगळं. आमच्या घरात तीन पिढ्या सराफी. नाणं हातात आलं की आजोबा आधी ते दगडावर वाजवायचे, मग कस बघायचे. चित्र बघताना त्यांना मी कधी पाहिलं नाही. रोमन सराफही तेच करत होते. मूळच्या दिनारवर कडेला किंवा गालावर बारीक ठोके असतात, चंद्रकोर, ठिपका, एखादं अक्षर. ते सराफांचे ठोके. वर चांदीचा पत्रा आणि आत तांबं, असली खोटी नाणी त्या काळातच निघत, म्हणून ही तपासणी. ठोका देताना देवीच्या गालावर पडतोय का नाकावर, याची कोणी फिकीर केलेली दिसत नाही.

माणूस चांदी बघतो. पुरावा हवा असेल तर अँटनीची नाणी घ्या. ऑक्टेव्हियनशी (पुढचा बादशहा ऑगस्टस) शेवटची लढाई तोंडावर असताना, इ.स.पू. ३२-३१ मध्ये, सैन्याला द्यायला ढिगाने दिनार पाडले. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला दोन ध्वजांमध्ये गरुड आणि पलटणीचा क्रमांक. अँटनी हरला, मेला, बदनाम झाला. नाणी मात्र पुढे दोनशे वर्षं चलनात. का? हिणकस होती. चांगली चांदी लोक घरात पुरतात किंवा वितळवतात, हिणकस फिरवत ठेवतात. हरलेल्या माणसाचं नाव खिशात आहे याचं कोणाला काही नव्हतं.

(टवाळा, तुझं जहाज सापडलं बघ.)

नाणेघाटवाली

मी जोरदार असहमत. चित्र बघत नव्हते म्हणता, मग हे काय?

बादशहांची चरित्रं लिहिणारा सुएटोनियस लिहितो की ऑगस्टसनंतरच्या तिबेरियस बादशहाच्या काळात ऑगस्टसचा चेहरा असलेलं नाणं किंवा अंगठी घेऊन शौचालयात किंवा वेश्यागृहात गेलं तर तो देहदंडाचा गुन्हा धरायला लागले होते. सुएटोनियस तिखटमीठ लावतो हे धरूनही, असा आरोप करता येतो याचाच अर्थ नाण्यावर कोणाचं तोंड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरं, बायबल. ‘कैसराला कर द्यावा का?’ असं विचारल्यावर येशू आधी दिनार मागवतो आणि विचारतो, हा मुखवटा कोणाचा, हा लेख कोणाचा? समोरचे लगेच सांगतात, कैसराचा. तो तिबेरियसचाच दिनार असावा असं मानतात: पुढे त्याचा चेहरा, मागे राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री.

तिसरा एपिक्टेटस, तत्त्वज्ञ. त्याच्या प्रवचनात दृष्टांत येतो, त्याचा आशय असा: या नाण्यावर छाप कोणाची? ट्रेजनची? आण इकडे. नीरोची? फेकून दे. आता नीरोचं नाणं खरोखर कोणी फेकत नसणार. पण ऐकणाऱ्यांना हा दृष्टांत कळायला छाप बघायची सवय हवीच ना?

टवाळ_कार्टा

एक बादशहा म्हणतो नाणं शौचालयात नेऊ नका, आणि पुढे वेस्पासियन बादशहा मुतारीवर कर लावून तिथूनच नाणी गोळा करतो. वर पोराच्या नाकाला नाणं लावून विचारतो, वास येतोय का? रोमचं धोरण एकदा काय ते ठरवा.

रिकामटेकडा_पुणेकर

नाणेघाटवाली, तुमचे तिन्ही दाखले चेहऱ्याचे आहेत. चेहरा बघत होते हे एक वेळ मानू. मी मागच्या बाजूबद्दल बोलतोय. तार्पेया, उंट, नऊ म्यूझ.

नाणेघाटवाली

मूळ प्रश्नात चेहरा-मागचा असा भेद नव्हता. आता गोलपोस्ट उचलून पळू नका 😄

गोदाकाठ

इथे आमच्या जिल्ह्याचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा घबाड म्हणावा असा साठा निघाला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. पुढे राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरांतला लेख, मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठीत नाव. त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलाय: एकीकडे तीन कमानींचा चैत्य, दुसरीकडे उज्जैन चिन्ह (फुली आणि तिच्या चार टोकांना वर्तुळं). चांदी तीच, वजन तेच. वितळवून नवी पाडता आली असती, पण तेवढा दम धरला नाही. अनेक नाण्यांवर चैत्याच्या कमानीआडून नहपानाचं नाक अजून डोकावतं.

चित्राला कोणी विचारत नसेल तर एवढी हजारो नाणी एकेक करून ठोकायचा उद्योग कशाला केला असता?

रोमशी थेट संबंध म्हणाल तर पांडवलेण्यांत आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ३५ कार्षापणाला (ही चांदीची नाणी) एक सुवर्ण असा भाव कोरलाय. ७० हजार कार्षापण म्हणजे २ हजार सुवर्ण. हे सुवर्ण म्हणजे रोमन सोन्याची नाणी असावीत असं काही अभ्यासक म्हणतात, काही कुषाणांची म्हणतात. अंजनेरीला नाणेसंशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, त्र्यंबकला जाताना वाटेत लागतं. नाशिकला आलात तर अवश्य बघा.

सराफाचा_नातू

गोदाकाठभाऊ, उदाहरण झकास. पण तिथेही राजाने ठसा मारला, बाजाराने मागितला असं कुठे आहे?

मूकवाचक

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात एक चांदीचं नाणं आहे. एका बाजूला माणसाचं डोकं. दुसऱ्या बाजूला दोन पुरुष उभे, मध्ये दोन गोल ढाली आणि भाले. आजी म्हणते राम-लक्ष्मण. दर रामनवमीला हळदकुंकू वाहते. कडेने परकी अक्षरं आहेत. हे रोमन असू शकेल का? किंमत काय येईल?

लातीनवेडी

मूकवाचक, वर्णन तंतोतंत जुळतंय! ऑगस्टसचा दिनार, इ.स.पू. २ नंतरचा, ल्योंच्या टांकसाळीतला. ते दोघे गायस आणि लुसियस, ऑगस्टसचे नातू. त्याने दत्तक घेतले, वारस म्हणून जाहीर केले आणि हे नाणं अमाप पाडलं. ढालींच्या वर बारीक बघ, पूजेची पळी आणि शकुन बघणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी असेल. धाकटा इ.स. २ मध्ये गेला, थोरला इ.स. ४ मध्ये. गादी शेवटी तिबेरियसला.

आणि भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीत सगळ्यात जास्त दोनच छाप, एक हा आणि दुसरा नाणेघाटवालीने सांगितलेला तिबेरियसचा.

सराफाचा_नातू

छाप जुळला म्हणजे नाणं अस्सल असं नाही. या छापाच्या नकला ढिगाने मिळतात. आधी वजन करा. ऑगस्टसचा दिनार ३.७ ते ३.९ ग्रॅमच्या आसपास भरतो, झिजलेला असेल तर थोडा कमी. मग भिंगातून कड बघा. कडेला सगळीकडून एक रेघ फिरलेली असेल तर साच्यात ओतलेलं. पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तरी ओतलेलं. अस्सल नाणं ठोकून पाडलेलं असतं, त्याच्या अक्षरांना धार राहते, छाप बहुधा एका बाजूला सरकलेला असतो आणि कडेला चिरा गेलेल्या असतात.

काहीही करा, रांगोळीने घासू नका. चिंच तर नकोच.

किमतीचं विचारलंत म्हणून: शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. देव्हाऱ्यातच बरं आहे.

अण्णा७२

राम-लक्ष्मणावरून आठवलं. आमच्याकडच्या पुतळीहारातल्या पुतळ्यांचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यात आहे. त्यावर व्हेनिसचा प्रमुख गुडघे टेकून संत मार्कच्या हातून ध्वज घेतोय असं चित्र. इकडे लोकांनी त्या दोन आकृतींना राम-सीता केलं म्हणतात, आणि सोनारांनी तसंच पाडायला सुरुवात केली. तेव्हा मूकवाचकांच्या आजींची परंपरा फार जुनी आहे.

अवांतर: आमच्या सौ.ची पुतळ्यांची माळ दाखवू का? नको, इथे सगळे भाव विचारतील.

मोगरा_आणि_मिरच्या

अण्णा, दाखवाच! धागा रोममधून थेट पेठेत आणलात.

लातीनवेडी

अण्णांचा मुद्दा अवांतर नाहीच. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा असंच झालेलं दिसतं. भारतात मिळालेल्या कित्येक रोमन सोन्याच्या नाण्यांना भोकं आहेत, आणि ती अशा जागी की गळ्यात घातल्यावर बादशहाचं डोकं सरळ उभं राहील. तेलंगणात कोंडापूरला तर तिबेरियसच्या नाण्याच्या भाजक्या मातीच्या नकला निघाल्यात, अंगावर मिरवायला केलेल्या. मातीच्या पदकात कस कसला बघणार सराफसाहेब? तिथे चित्रच विकलं जात होतं.

सराफाचा_नातू

हे मान्य. पण ते दागिने झाले. चलन म्हणून बघाल तर इथेही कसच चालला. नीरोने इ.स. ६४ मध्ये एका रोमन पौंडातून ८४ च्या जागी ९६ दिनार काढायला सुरुवात केली आणि चांदीतही भेसळ वाढवली. भारतातल्या साठ्यांत त्यानंतरचे चांदीचे दिनार एकदम विरळ होतात. सोनं मात्र येत राहतं. नालगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्लेला दीड हजारांच्या आसपास दिनार निघाले, मुख्यतः ऑगस्टस आणि तिबेरियसचे. रोमन इतिहासकार टॅसिटस जर्मनांबद्दल तेच लिहितो: त्यांना जुनी, ओळखीची नाणी लागतात, करवती कडेची आणि दोन घोड्यांच्या रथाची.

नाणेघाटवाली

सराफबुवा, स्वतःच्याच पायावर धोंडा! जर्मन माणूस चांगली चांदी ओळखत कशावरून होता? रथाच्या चित्रावरून! दगडावर घासायच्या आधी डोळ्याने निवडत होता. म्हणजे मागच्या बाजूलाही किंमत होती. पुणेकर, वाचताय ना?

आणि अक्कनपल्लेचं नाव काढलंत तर पूर्ण सांगा. त्यातल्या काही नाण्यांवर छिन्नीचा घाव आहे, बादशहाच्या डोक्यावर. पुदुकोट्टईच्या ५०१ सोन्याच्या नाण्यांत तर बहुतेकांवर. आत तांबं आहे का ते बघायला घाव घातला असता तर कुठेही घातला असता. चेहराच का?

सराफाचा_नातू

परकं चलन रद्द करून नुसतं सोनं-चांदी म्हणून ठेवलं, असाही एक अर्थ लावतात. चेहरा निवडून कापला यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तेवढे गुण तुम्हाला.

गोदाकाठ

रोमन लेखक प्लिनीने सिंहलद्वीपाच्या राजाची गोष्ट दिलीय ती इथे हवीच. क्लॉडियसच्या काळात एका रोमन माणसाचं जहाज वाऱ्याने भरकटून तिकडे लागलं. राजाने त्याच्याजवळचे दिनार तपासले. चेहरे वेगवेगळ्या बादशहांचे आणि वजन सगळ्यांचं एकच! राजा एवढा खूश झाला की रोमला वकील धाडले. दोन्ही पार्ट्यांना पुरेल अशी गोष्ट आहे, वाटून घ्या.

लातीनवेडी

आता पुणेकरांच्या मूळ प्रश्नाकडे, कारण मागच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार अजून आलाच नाही. ब्रूटस.

इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला सीझरने रोमच्या टांकसाळीत स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला. जिवंत रोमन माणसाचा तिथला पहिलाच. मानेवरच्या सुरकुत्या दिसतात, डोक्यावर भरगच्च माळ. (टक्कल झाकायला त्याला ती फार आवडायची, इति सुएटोनियस.) सोबत शब्द ‘तहहयात दिक्तातोर’. मार्चमध्ये खून. मग ब्रूटस पूर्वेकडे सैन्य जमवतो आणि पगाराला दिनार पाडतो. मागच्या बाजूला मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्याची टोपी, दोन बाजूंना दोन खंजीर, खाली ‘एइद मार’, म्हणजे मार्चची १५ तारीख. जवळून बघा, दोन्ही खंजिरांच्या मुठी एकसारख्या नाहीत. पुढच्या बाजूला कोण? स्वतः ब्रूटस! सीझरला ज्या कारणासाठी मारलं त्यातलंच एक काम.

आणि हे बघणारं कोणी होतं का? कॅसियस दिओने अडीचशे वर्षांनंतर आपल्या इतिहासात या नाण्याचं वर्णन केलंय, टोपी आणि खंजिरांसकट. प्राचीन इतिहासकार एखाद्या नाण्याची मागची बाजू अशी सांगतो हे फार क्वचित घडतं. तुमची तार्पेयाही एकदाच येऊन गेली नाही. सत्तर वर्षांनी ऑगस्टसच्या काळात तुर्पिलियानस नावाच्या अधिकाऱ्याने तीच ढालींत गाडलेली बाई पुन्हा दिनारवर काढली.

रिकामटेकडा_पुणेकर

ब्रूटस मान्य, तो अपवाद म्हणून. पण तुर्पिलियानसही टांकसाळवालाच! एका टांकसाळवाल्याने दुसऱ्याचं बघितलं, मासळीवाल्याने नव्हे. आणि दिओ सिनेटर होता. वर्षाला २२५ दिनार पगार घेणारा शिपाई काय बघत होता याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

नाणेघाटवाली

शिपायाने लिहून ठेवलं नाही म्हणून त्याने बघितलं नाही? त्याच्या पलटणीचा क्रमांक अँटनीने नाण्यावर उगाच घातला होता काय? पगाराच्या दिवशी ‘बघ, आपलं निघालं’ म्हणत एकमेकांना दाखवलं नसेल?

रिकामटेकडा_पुणेकर

‘नसेल?’ हा पुरावा नव्हे, ताई.

मूकवाचक

वजन केलं. ३.६ ग्रॅम. कडेला रेघ दिसत नाही. भिंगातून पळी आणि वाकडी काठी दोन्ही दिसली! पण अक्षरं लातीनवेडीताईंनी सांगितलेल्या छापाच्या इंटरनेटवरच्या फोटोंशी जुळत नाहीत. काही उलटी आहेत, काही नुसत्या उभ्या रेघा.

सराफाचा_नातू

अरे वा! मग प्रकरण वेगळंच. या दोन्ही छापांच्या भारतात त्या काळीच केलेल्या नकला आहेत, चांदीच्याच. कारागिराला लातीन येत नव्हतं, म्हणून लेखाच्या जागी नुसत्या खुणा. चेहरा आणि आकृत्या मात्र बऱ्यापैकी जमवलेल्या. फोटो दोन्ही बाजूंचे टाका, उजेड तिरका ठेवून. फोटोवरून मी काही ठरवणार नाही, अंजनेरीला किंवा पुरातत्त्व खात्यात माणसाला प्रत्यक्ष दाखवा.

नाणेघाटवाली

पुणेकर, हा घ्या साक्षीदार. सिनेटर नाही, रोमन नाही, लातीन वाचता येत नाही. आणि मागची बाजू पळीसकट कोरलीय.

टवाळ_कार्टा

पुणेकर उद्या म्हणणार, तोही टांकसाळवालाच.

रिकामटेकडा_पुणेकर

होताच की.